इतिहासाचे शिक्षक आणि न्यायाचा प्रश्न



या व्याख्यानमालेत आजवर संतांवर, कवींवर, संपादकांवर आणि स्वातंत्र्यसैनिकांवर व्याख्याने झाली. मी मास्तरांवर बोलणार आहे. त्यातही इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांवर, आणि नेमके सांगायचे तर त्यांच्या नोकरीवर. इतिहास शिकवून पोट भरणे ही काय गोष्ट आहे, आणि हा विषय शिकवणाऱ्याकडून समाजाने न्यायाच्या बाबतीत कोणती अपेक्षा धरावी, एवढाच माझा विषय. हैदराबाद संस्थानातल्या मराठी माणसांच्या अनुभवापुरता मी तो मर्यादित ठेवतो.

आपण अफझलगंजात जमलो आहोत, म्हणून आरंभ येथूनच करू. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना ही जागा दिली, म्हणून हे अफझलगंज. १९०८ च्या सप्टेंबरात मुसा नदीला आलेल्या पुराने हा भाग उद्ध्वस्त केला. इस्पितळाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून माणसे वाचली, ही कथा आपल्याकडे प्रत्येक घरात सांगितली जाते. पुरानंतर नदीचे दोन्ही काठ नव्याने बांधले गेले. आज नया पुलावर उभे राहिले की अलीकडे उस्मानिया इस्पितळ आणि ग्रंथालय, पलीकडे उच्च न्यायालय आणि सिटी कॉलेज दिसते. ग्रंथालय म्हणजे जुने आसफिया. सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये ते सुरू झाले आणि १९३६ पासून या इमारतीत आहे. मला या चार इमारतींतल्या तीन आज लागणार आहेत: न्यायालय, कॉलेज आणि ग्रंथालय.

संस्थानात शिकलेल्या मराठी माणसापुढे तीन वाटा होत्या. पहिली सरकारी नोकरी. तिला उर्दू हवी आणि वशिलाही हवा. दुसरी वकिली. आपले बहुतेक पुढारी वकील होते, कारण वकील कोणाचा नोकर नसतो. केशवराव कोरटकर वकील होते आणि पुढे याच पलीकडच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. तिसरी वाट मास्तरकीची. ती सर्वांत कमी पैशांची आणि, आज विचित्र वाटेल, पण सर्वांत धोक्याचीही होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव, वामनराव नाईक आणि त्यांचे सहकारी यांनी विवेकवर्धिनी उभी केली. येथून जांबागपर्यंत चालत जाता येते, आणि आपल्यापैकी कितीतरी जण तिचे विद्यार्थी आहेत, म्हणून तिची थोरवी मी सांगत बसत नाही. अशा शाळेत शिकवणे ही केवळ नोकरी का नव्हती, तेवढे सांगतो.

संस्थानात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची घोषणा झाली, त्याच वर्षी भाषांतर-विभाग निघाला आणि युरोपातले इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान उर्दूत आणले गेले. येथे मी एका गोष्टीवर थांबतो, कारण आपल्याकडच्या मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत ती घाईने उरकतात. इंग्रजी सोडून एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. ज्याला एकाने मातृभाषेचा विजय म्हटले, ते दुसऱ्याला परक्या भाषेचे ओझे वाटले, आणि दोघांचे म्हणणे खरे होते. इतिहास शिकवणाऱ्याला अशी वाक्ये बोलायची सवय असावी लागते.

१९२४ मध्ये खासगी शाळांना पूर्वपरवानगी सक्तीची करणारे नियम आले. सभाबंदीची गश्ती निशाण त्रेपन्न तर सर्वांच्या परिचयाची. परवानगीवाचून शाळा नाही आणि परवानगीवाचून सभा नाही, अशा राज्यात शाळेचा वर्ग हीच एक सभा होते. तिथे शिवकाल शिकवणारा मास्तर चाळीस मुलांसमोर रोज बोलतो. पोलिसांच्या नजरेत तो पुढारीच.

हे कसे घडे याचे सर्वांत ठळक उदाहरण व्यंकटेश भवानराव खेडगीकर. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेला हा तरुण उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आला. तिथेच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला गेले आणि योगेश्वरी शाळेत शिकवू लागले. १९३८ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. आपण त्यांची आठवण पुढारी म्हणून काढतो. पण सत्याग्रहाआधीची जवळजवळ दहा वर्षे हा माणूस खडू घेऊन उभा होता. त्यानंतर गावोगावी जे कार्यकर्ते उभे राहिले, त्यांत त्यांचे विद्यार्थी किती होते हे पाहिले म्हणजे या दहा वर्षांची किंमत कळते. त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि मग उस्मानियात वंदे मातरमची चळवळ पेटली. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. इतिहास शिकल्याबद्दल आणि शिकवल्याबद्दल माणसे हद्दपार होत होती.

इथपर्यंतची कथा आपण सगळे अभिमानाने सांगतो आणि ती खरी आहे. माझी अडचण इथून पुढे आहे.

या सगळ्या शाळांतून इतिहासाच्या तासाला एक प्रश्न विचारला जात होता: राज्यकर्ता आपल्याशी न्यायाने वागतो का? हा पहिला प्रश्न. तो विचारायला हिंमत लागे, आणि त्या मास्तरांकडे ती होती. पण त्याच वर्गात दुसरा एक प्रश्न विचारायला जागा होती: आपण कोणाशी न्यायाने वागतो का? तो फारसा विचारला गेला नाही. कारण सोपे आहे. बाकांवर मुख्यतः ब्राह्मणांची, वतनदारांची, वकील-व्यापाऱ्यांची मुले बसलेली होती. ज्यांच्या वतीने दुसरा प्रश्न विचारायचा, ती मुले वर्गात नव्हतीच. गैरहजर मुलाचा प्रश्न मास्तरला ऐकू येत नाही. हा त्या माणसांच्या सचोटीवरचा आक्षेप नाही. पण आक्षेप नाही म्हणून नोंदही करायची नाही, हे मला मान्य नाही.

दुसरा प्रश्न विचारणारी शाळा दूर नव्हती. अफझलगंजाहून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर, इसामिया बाजारात, १९१० मध्ये भाग्यरेड्डी वर्मा यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली. १८८८ मध्ये याच शहरात मादरी भागय्या म्हणून जन्मलेल्या या माणसाने १९०६ मध्ये जगन्मित्र मंडळी स्थापन केली होती. हरिकथेतून लोकांना शहाणे करायचे आणि मुलांना शाळेत बसवायचे, अशी त्यांची दुहेरी रीत. पुढे त्यांच्या शाळा वाढल्या. त्या तेलुगू माध्यमाच्या होत्या, म्हणून आपल्या मराठी लेखनात त्यांचा उल्लेख सहसा सापडत नाही. पण भाग्यरेड्डींनी केले ते इतिहास शिकवणेच होते. आपल्या लोकांना ते 'आदि-हिंदू' म्हणू लागले. या भूमीचे आम्ही मूळ रहिवासी, आणि खालचेपण आमच्यावर नंतर लादले गेले, असा दावा त्या एका शब्दात आहे. तो दावा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो हा वेगळा वाद. पण ज्याला इतिहासच नाही असे सांगितले गेले, त्याने पहिल्यांदा आपला भूतकाळ सांगू लागणे, ही शिक्षणातली केवढी मोठी घटना आहे!

जवळपास याच काळात अमेरिकेत कार्टर वुडसन नावाचा एक शिक्षक हेच करत होता. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला, विशीत हायस्कुलात बसलेला हा माणूस १९१२ मध्ये हार्वर्डचा डॉक्टर झाला. वॉशिंग्टनच्या शाळेत त्याने वर्षानुवर्षे शिकवले, आणि १९२६ च्या फेब्रुवारीत निग्रो इतिहासाचा सप्ताह सुरू केला, तो मुख्यतः शाळांसाठी. पुढे त्या सप्ताहाचा महिना झाला. वुडसनचे म्हणणे असे की, ज्या पोराला पुस्तकात आपले कोणीच भेटत नाही, त्याला आपली जागा कोणी सांगावी लागत नाही. ती तो स्वतःच शोधून काढतो, आणि ती मागच्या दाराजवळ असते. वुडसन आणि भाग्यरेड्डी यांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. दोघांनाही शाळाच सुचली.

मराठवाड्यात दुसरा प्रश्न घेऊन पहिले मोठे कॉलेज आले ते १९५० मध्ये. तोवर औरंगाबादेत इंटरपर्यंतचीच सोय होती; पदवी हवी तर हैदराबाद गाठावे लागे. ज्याच्याकडे रेल्वेचे भाडे नाही, त्याचे शिक्षण तिथेच संपे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज औरंगाबादेत काढले; १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला नाव दिले मिलिंद. तलवारीने जिंकलेल्या राजांची नावे पुष्कळ होती. बाबासाहेबांनी नाव निवडले ते नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर पटल्यावर ते मान्य करणाऱ्या यवन राजाचे. महाविद्यालयाच्या फाटकावरची पाटी हाच इतिहासाचा पहिला धडा असावा, ही युक्ती मला फार आवडते. म. भि. चिटणीस तिथे प्राचार्य होते, पुढे म. ना. वानखेडे आले, गंगाधर पानतावणे तिथे शिकवत होते. दलित साहित्याची चळवळ या कॉलेजच्या आवारात कशी वाढली ते या श्रोत्यांना सांगायला नको. बाबासाहेबांचा आपल्या शहराशी असलेला एक धागा मात्र सांगतो: १२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली.

आता सिटी कॉलेजकडे वळतो, कारण दोन्ही प्रश्न एकाच वर्गात विचारणारा मास्तर त्या दारातून आत गेला होता. १५ जुलै १९३२ रोजी जन्मलेले नरहर कुरुंदकर मॅट्रिकनंतर इथे शिकायला आले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. भाचा परीक्षेत नापास होत राहिला. वाचन अफाट आणि गुणपत्रिका कोरी! पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते मास्तर झाले. बी. ए., एम. ए. ही कामे शिकवता शिकवता उरकली. १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, नंतर प्राचार्य, आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच निधन. पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

लक्षात घ्या, कुरुंदकरांच्या वेळापत्रकात इतिहास हा विषय नव्हता. ते मराठी शिकवत. तरी मराठवाड्याच्या दोन पिढ्यांना इतिहासाकडे कसे पाहावे हे ज्यांनी शिकवले, त्यांत त्यांचे नाव पहिले घ्यावे लागते. 'श्रीमान योगी'ची त्यांची प्रस्तावना, जी मुळात रणजित देसाई यांना लिहिलेले पत्र आहे, ती वाचा. तिथे शिवाजी महाराजांच्या पराक्रमाचे पोवाडे नाहीत. हा माणूस गेल्यावरही त्याचे राज्य का टिकले, सामान्य रयत त्यासाठी का लढली, असे प्रश्न आहेत. भक्ताला हे प्रश्न पडत नाहीत, आणि शत्रूलाही पडत नाहीत. ते शिक्षकाला पडतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण म्हणजे मनुस्मृतीवरची त्यांची व्याख्याने. ती पुढे पुस्तकरूपाने आली. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. कुरुंदकर जन्माने ब्राह्मण. हा ग्रंथ जाळण्याजोगा मानणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे, असे आधीच सांगून ते तो ग्रंथ शांतपणे उघडतात आणि ओळीओळीने तपासतात. अमुक श्लोक उदार आहे, तमुक प्रक्षिप्त आहे, त्या काळी असेच असायचे, अशा पळवाटा आपल्या घरांत नेहमी ऐकू येतात. त्या एकेक करून बंद करतात. समोर बसलेल्यांपैकी अर्ध्यांच्या देवघराशी हे बोलणे जाऊन भिडत असणार. निजामाविरुद्ध बोलण्यात तुरुंगाचा धोका होता. आपल्याच श्रोत्यांना हे ऐकवण्यात तुरुंग नाही, पण पुढचे निमंत्रण न येण्याचा धोका असतो, आणि व्याख्यात्याला तो कमी वाटत नाही. कुरुंदकरांना निमंत्रणे येतच राहिली, हे त्या श्रोत्यांचेही श्रेय.

दुसरा प्रश्न विचारला की सगळे सुरळीत होते असे मात्र नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मुक्तिसंग्रामातली काही अत्यंत आदरणीय माणसे, ज्यांच्या पायाशी बसून आमची पिढी शिकली, त्या वेळी नामांतराच्या विरोधात उभी होती. त्यांची कारणे त्यांनी प्रामाणिकपणे मांडली, मी ती वाचली आहेत, आणि ती मला पटलेली नाहीत. पहिला प्रश्न आयुष्यभर विचारलेल्या माणसाला दुसरा आपोआप सुचतो, हा माझा तरुणपणीचा समज त्या सोळा वर्षांत गेला.

आता माझ्याच वर्गातली एक गोष्ट. मराठवाड्यातल्या एका शाळेत मी नवा होतो. सतरा सप्टेंबरचा धडा मी रंगवून शिकवला: लातूरचा वकील कासीम रझवी, रझाकार, बीदर जिल्ह्यातले गोर्टा, मग १३ सप्टेंबरला निघालेले भारतीय सैन्य आणि पाचव्या दिवशी निजामाची शरणागती. तास संपताना एका मुलाने विचारले, "सर, पोलीस ॲक्शननंतर आमच्या आज्ज्याचं घर का जाळलं?" मुलगा मुसलमान होता. मी म्हणालो, "तसं काही पुस्तकात नाही." तो खाली बसला. वर्षभर त्याने पुन्हा काही विचारले नाही.

पुस्तकात नव्हते हे खरेच. पण मला ते माहीत असायला हवे होते. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती भारत सरकारच्या सांगण्यावरून संस्थानात फिरली. तिच्या अहवालाने अगदी जपून केलेल्या अंदाजात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचे म्हटले. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार खोटे नव्हते. त्यांनी हिंदूंना मारले, आणि त्यांच्याविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान यालाही ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात मारले. स्वामीजींची भूमिका शेवटपर्यंत हीच होती की, हा लढा सरंजामी सत्तेविरुद्ध लोकांचा आहे, धर्माचा नाही. ती भूमिका खरी मानणाऱ्यानेच सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांबद्दल सर्वांआधी बोलायला हवे. जो ते टाळतो, तो हा लढा धर्माचा होता असे म्हणणाऱ्यांनाच मदत करतो.

आता त्या एका तारखेला किती नावे आहेत पाहा. महाराष्ट्र सरकारचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. केंद्र सरकारचा हैदराबाद मुक्ती दिन. कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. आपल्या तेलंगणात आधी राष्ट्रीय एकात्मता दिन आणि हल्ली प्रजापालन दिन. मंत्री बदलला की फलक बदलतो. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाने काय करायचे? त्याला फलक बदलता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही, कारण ती शंका विचारणारे पोर दुसऱ्या बाकावर बसलेले आहे.

आणि हा शिक्षक आज आहे तरी कोण? इथे मला थोडे कडू बोलावे लागेल. तेलंगणाच्या सरकारी शाळांत इतिहासाचा शिक्षक असे पदच नाही. सोशल स्टडीजचा शिक्षक असतो, तो भूगोल, अर्थशास्त्र आणि इतिहास सगळे शिकवतो. महाराष्ट्रात दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुण. हक्क, समता, न्याय हे सगळे राज्यशास्त्राच्या मागच्या पानांत, आणि ती पाने फेब्रुवारीत, परीक्षेच्या धाकाने उरकायची. महाविद्यालयांत सेट-नेट झालेली, डॉक्टरेट केलेली मुले तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवतात. सुटी लागली की मानधन बंद. माझ्याकडे अशी मुले येतात आणि विचारतात, इतिहासात करिअर आहे का? मी खोटे बोलत नाही. पैशांच्या हिशेबाने फारसे नाही. हिप्परग्याच्या शाळेतही नव्हते, पण त्याचा आधार घेऊन आजच्या मुलांना त्यागाचे प्रवचन देणे मला अश्लाघ्य वाटते. संन्याशाला घरभाडे नव्हते. ज्याला पुढच्या महिन्याची खात्री नाही, तो दुसरा प्रश्न विचारायला कचरतो, हे साधे मानवी सत्य आहे. शिक्षकाच्या पगाराचा आणि शिकवल्या जाणाऱ्या इतिहासाच्या प्रतीचा संबंध म्हणून थेट आहे.

तरीही जे या कामात शिरलेच आहेत, त्यांच्यासाठी एक पद्धत सांगतो. मी ती उशिरा शिकलो. प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारिजचे रजिस्टर असते. त्यात मुलाचे नाव, जात, धर्म, बापाचा धंदा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण अशी घरे असतात. संस्थानातल्या जुन्या रजिस्टरांत फसली सन आणि उर्दू नोंदी सापडतात. त्या वाचायला शेजारच्या मोहल्ल्यातले एखादे वृद्ध उर्दू मास्तर आनंदाने मदत करतात, आणि तेवढ्या निमित्ताने मुलांची त्यांच्याशी ओळखही होते. नावे झाकून फक्त बाकीची घरे नववीच्या मुलांपुढे ठेवावीत आणि मोजायला सांगावे. पहिल्या शंभर नोंदींत किती जाती आहेत? पहिली मुलगी कोणत्या साली? अस्पृश्य मानलेल्या जातीचे पहिले मूल कितव्या पानावर? १९४८ च्या पावसाळ्यानंतर कोणत्या घरांतली मुले यायची थांबली, आणि सोडण्याचे कारण काय लिहिले आहे? मुलांना काही सांगावे लागत नाही. ती मोजतात, गप्प होतात, मग बोलू लागतात. आपल्याच शाळेबद्दल, आपल्याच आजोबांच्या वर्गाबद्दल बोलतात. प्रत्येक शाळेचे उत्तर वेगळे येते, म्हणून ते गाइडात छापता येत नाही, हा आणखी एक फायदा.

परिषदेकडे माझी विनंती याच संदर्भात आहे. या शहरातल्या आणि सीमाभागातल्या जुन्या मराठी शाळांची अशी रजिस्टरे ओल आणि वाळवी यांच्या तोंडी आहेत. काही शाळांत आता मराठीचा वर्गच उरलेला नाही. तिथली कपाटे जागा हवी म्हणून रिकामी होतील. परिषदेने संस्थाचालकांना पत्रे लिहावीत, रजिस्टरांची छायाचित्रे घेण्याची परवानगी मागावी, आणि व्यक्तींची नावे उघड होणार नाहीत अशी व्यवस्था करून ती समोरच्या ग्रंथालयात ठेवता येतील का, याची चौकशी करावी. दोन-तीन शाळांत जाऊन काम सुरू करायला मी तयार आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या गावच्या शाळेपासून आरंभ करावा असे मनात आहे. मुख्याध्यापकांशी फोनवर बोलणे झाले आहे, आणि दिवाळीनंतर या, असे त्यांनी सांगितले आहे.